गाठीपलीकडचे बत्तीस

वळसंगला गुरुलिंग बिराजदारांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावरून त्यांची लेक सिद्धेश्वरी दळण कशाचं चाललंय ते ओसरीवर बसल्या जागी सांगायची. ज्वारीचा आवाज भरडा, गव्हाचा मऊ, आणि हरभऱ्याची डाळ पडली की नुसता तडतडाट. ती जेमतेम पायांवर उभी राहायला लागली होती तेव्हा गोवरात तिची नजर गेली. उजेड कसा असतो हे तिला आठवतही नव्हतं, त्यामुळं नजर गेल्याचं दुःख घरच्यांनीच जास्त केलं. तिला भलत्याच गोष्टींचं दुःख व्हायचं. पाठचा भाऊ शरणबसव गावच्या शाळेत जे शिकेल ते सगळं आपल्याला यायला पाहिजे, आणि आलं नाही की जेवण गोड लागायचं नाही.

सोलापुरात अंध मुलामुलींची एक निवासी शाळा होती, तिथं ती शिकायची. शाळेत उशिरा घातल्यामुळं बहीणभाऊ एकाच इयत्तेत आले होते. आठवीची परीक्षा देऊन ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि आल्या आल्या तापानं फणफणली. गावातल्या डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर लावला आणि म्हणाले, "एकशे एक. घाबरायचं काही नाही."

संध्याकाळी गुरुलिंगांनी रेडिओ लावला. बातम्यांत सांगितलं, सोलापुरात आज त्रेचाळीस अंश सेल्सिअस.

सिद्धेश्वरी अंथरुणात उठून बसली. "अव्वा, मला एकशे एक आणि सोलापूरला त्रेचाळीसच? तरी सगळी एवढी बोंब मारत्यात, उकडतंय, उकडतंय. मग माझं काय?"

तिची आई बसव्वा कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. "सुम्मने मलगु," ती कानडीत म्हणाली, गप झोप. पण शरणबसवला विज्ञानाचा जोर आला होता. त्यानं पुढच्या वर्षीचं पुस्तक कुणाकडून तरी आधीच आणून ठेवलं होतं.

"अक्का, ती दोन येगळी मापं हायेत. डॉक्टरचं फॅरनहाइट, रेडिओचं सेल्सिअस. हे बघ सूत्र. एफ बरोबर नऊ सी भागिले पाच, अधिक बत्तीस." त्यानं कागदावर खरडून हिशेब केला. "सोलापूर डॉक्टरच्या मापात एकशे नऊच्या वर जातंय. तुझ्यापरीस गावाला लई ताप हाय."

सिद्धेश्वरीला हे ऐकून बरंच बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आणि माझा ताप रेडिओच्या मापात किती?"

शरणबसवनं कागद परत पुढं ओढला. पेन्सिल कागदावर नुसतीच टकटक करत राहिली. "तसं सूत्र दिलेलं न्हाय. हितं एफ एकटा हाय. सी पलीकडं गर्दीत अडकलाय."

"मग त्याला भाईर काढ की."

"अजून शिकवलं न्हाय आमाला."

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. प्रश्न मात्र उतरला नाही. जूनमध्ये शाळेत परत जाताना तिनं तो बरोबर नेला.

शाळेत गणित शिकवायला प्रदीप कांबळे सर होते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. नववीत बीजगणिताऐवजी सोपं अंकगणित घ्यायची सवलत आमच्या मुलांना आहे, असं त्यांनी वर्गात सांगितलं, आणि सगळ्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. सिद्धेश्वरीनं हात वर केला.

"सर, मला सवलत नको."

सरांनी तिला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. "बाळा, तुला येणार नाही असं माझं म्हणणं नाही. खरं सांगू का? मला खडूफळ्यानं शिकवता येतं. डावी बाजू, उजवी बाजू, हे खोडलं, ते तिकडं नेलं. हे सगळं बघायचं काम आहे. तुम्हाला ते कसं दाखवायचं हे मलाच ठाऊक नाही."

"मग दोघं मिळून शोधू की, सर."

सर मोठ्यानं हसले. शोधायचं ठरलं, पण शोध काही लागेना. सूत्रं तिला तोंडपाठ व्हायची. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे सरांचं पालुपद सगळी शाळा झोपेत म्हणायची. पण एक पायरी डोक्यात धरून दुसरी करायला गेलं की पहिली निसटायची. लिहून ठेवावं तर ब्रेलची तऱ्हा वेगळी. पाटीत कागद अडकवून टोकदार सळईनं उजवीकडून डावीकडं भोकं पाडायची आणि वाचायला कागद काढून उलटा करायचा. एक पायरी लिहायची, कागद काढायचा, बोटानं वाचायचं, परत अडकवायचा, आणि तोवर बत्तीस कुठल्या बाजूला होते हेच विसरायचं. पाटीचा कागद भोकांनी जाळी व्हायचा आणि सी होता तिथंच अडकलेला. दिवाळीपर्यंत ती इतकी टेकीला आली की एकदा तिनं सरांना विचारलंसुद्धा, "सवलत अजून मिळंल का हो?"

"मिळेल की," सर म्हणाले. "पण दिवाळी करून ये आधी."

दिवाळीला घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बसव्वानं धुणं काढलं. परसात न्हाणीच्या भिंतीपासून गिरणीच्या खांबापर्यंत दोरी होती. ती कधीतरी मधोमध तुटली होती आणि गुरुलिंगांनी तिथं चांगली सुपारीएवढी गाठ मारली होती. गाठीच्या एका बाजूला गिरणीची सावली असायची, दुसऱ्या बाजूला रखरखीत ऊन. सिद्धेश्वरी चिमटे लावत होती. सावलीतला शरणबसवचा सदरा काही वाळेना, म्हणून तिनं तो काढला आणि हातानं दोरी चाचपत, गाठ ओलांडून उन्हात नेऊन अडकवला.

"अगं उलटा कर त्याला," बसव्वा ओरडली. "गाठीपलीकडं टाकायचं तर उलटं करून टाकावं. रंग उडतोय उन्हानं."

सिद्धेश्वरीनं सदरा उलटा केला. चिमटा लावला. आणि हात दोरीवरच राहिला.

"अव्वा," ती म्हणाली, "मला आणखी चिमटे दे."

"धुणं संपलं की."

"धुण्याला न्हाय. बत्तीसला."

बसव्वाला वाटलं, पोरीला परत ताप चढला. पण तोवर ती घरात जाऊन लग्नपत्रिकांची चवड घेऊन आली होती. जाड कागद, ब्रेलची टिंबं छान उठतात. प्रत्येक तुकड्यावर एकेक गोष्ट टोचली: एफ, सी, नऊ, पाच, बत्तीस. प्रत्येक तुकड्याचा वरचा एक कोपरा कातरून टाकला, म्हणजे सुलटा कुठला नि उलटा कुठला हे बोटाला कळावं. सुलटा म्हणजे अधिक, उलटा म्हणजे वजा. दोरीवरची गाठ म्हणजे 'बरोबर'चं चिन्ह. भागायच्या आकड्याला जागा कुठं, यावर ती जरा अडली, मग तिनं बापाला गिरणीतून हाक मारली.

"अप्पा, ह्या दोरीच्या खाली चार बोटांवर अजून एक दोरी बांधून द्या."

"कशाला?"

"पाचला बसायला."

गुरुलिंग पिठानं माखलेल्या हातांनी दोरी घेऊन आले. लेकीनं काही मागितलं की कारण विचारायचं आणि उत्तर कळलं नाही तरी काम करायचं, अशी त्यांची पद्धत होती.

उन्हाच्या बाजूला एफ एकटा. सावलीच्या बाजूला वरच्या दोरीवर नऊ आणि सी, त्यांच्या खालच्या दोरीवर पाच, आणि शेजारी बत्तीस. तिनं दोन्ही हातांनी सगळी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. पहिल्यांदाच अख्खं सूत्र एकदम तिच्या हाताखाली होतं. कुठं पळत नव्हतं. तिनं बत्तीस काढला, गाठ ओलांडली, उलटा करून एफशेजारी लावला. मग खालच्या दोरीवरचा पाच उचलला. भागत होता तो पलीकडं गुणायला लागणार, म्हणजे खालचा वर. तो एफला चिकटवून लावला. नऊ गाठ ओलांडून वरून खाली गेला. सावलीत सी एकटा राहिला.

"शरण! सी भाईर आला!" ती इतक्या जोरात ओरडली की दळणाला आलेल्या बायका परसात डोकावल्या.

शरणबसव कागद घेऊन धावत आला. तिनं हुकूम सोडला. एकशे एकला पाचानं गुण, बत्तीस वजा कर, नवानं भाग. त्यानं हिशेब केला आणि पोट धरून हसायला लागला.

"काय झालं?"

"साडेबावन्न! अक्का, सोलापूर त्रेचाळीस आणि तू साडेबावन्न. तुझ्या पाठीवर पापड भाजून निघालं असतं!"

बायकाही हसल्या. सिद्धेश्वरीही हसली, पण बोटं परत दोरीवर गेली होती. सगळे चिमटे जागच्या जागी, तरी उत्तर वेडगळ. तिनं पहिल्यापासून परत मांडलं. बत्तीस गेला. बरोबर. पाच गेला, एफजवळ बसला... आणि तिचं बोट उलट्या बत्तीसवर थांबलं. पाच एकट्या एफलाच का गुणतोय? त्या बाजूला तर आता दोघं आहेत. पाच आला तो दोघांचाही वाटा घेऊन आला पाहिजे.

"ह्या दोघांना एकत्र बांधायला पाहिजे," ती पुटपुटली. "अव्वा, तुझी चंची दे."

पानसुपारीची चंची म्हणजे बसव्वाचा जीव की प्राण. पण लेकीचा चेहरा बघून तिनं सुपारी पदरात ओतली आणि रिकामी चंची पुढं केली. सिद्धेश्वरीनं एफ आणि उलटा बत्तीस दोघांना चंचीत घातलं, चंची दोरीला लटकवली आणि पाच तिच्या शेजारी लावला. "आधी चंचीतलं कर. एकशे एकातनं बत्तीस गेले किती?"

"एकुणसत्तर."

"गुण पाचानं. भाग नवानं."

पेन्सिल चालली. "अडतीस. अडतीसच्या जरा वर."

"अडतीस," सिद्धेश्वरी म्हणाली. तिनं चंचीवरून एकदा हात फिरवला. सुट्टीतला ताप, एवढे महिने डोक्यात ठेवलेला, एकदाचा रेडिओच्या भाषेत उतरला होता. बसव्वानं हळूच विचारलं, "आता चंची घेऊ का?"

चंची काही लगेच मिळाली नाही. दिवाळी संपली तेव्हा ती सिद्धेश्वरीबरोबर सोलापूरला गेली. प्रदीप सरांनी व्हरांड्यातल्या दोन खांबांना दोऱ्या बांधल्या आणि स्वतः बाजूला उभे राहून बघत राहिले. तिनं एक सूत्र फिरवून दाखवलं, मग दुसरं. दुसरं संपायच्या आत सरांचं ते मोठं हसणं व्हरांडाभर घुमलं. मग त्यांनी गावातून डझनभर चिमट्यांची पाकिटं आणली. दहावीला बीजगणिताला बसणारी शाळेतली ती पहिली मुलगी ठरली.

दोरी मात्र परीक्षेला नेता येणार नव्हती. तिथं तिनं तोंडानं सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या लेखनिकानं लिहायचं. तिला लेखनिक मिळाली चैताली, शेजारच्या एका शाळेतली आठवीतली मुलगी. गणितापासून ती चार हात लांब राहायची. शिक्षकांनी सांगितलं म्हणून आली होती आणि भीतीनं पेनचं टोपण चावत होती.

"तू घाबरू नकोस," सिद्धेश्वरी पेपर सुरू व्हायच्या आधी म्हणाली. "चूक झाली तर माझी. तू फक्त मी बोलते तसं लिही."

वर्षभर तिनं दोरी डोक्यात बांधायची सवय केली होती. डोळ्यांपुढं म्हणतात तसं नाही, तिच्या हातांपुढं. तिची बोटं बाकावर हलत राहायची आणि चिमटे सरकत राहायचे. पेपर भराभर चालला. मग आयताचा प्रश्न आला. परिमिती बरोबर दोन गुणिले कंसात लांबी अधिक रुंदी. रुंदीसाठी सूत्र लिहा, आणि परिमिती चाळीस, लांबी बारा असताना रुंदी काढा. तिनं सांगितलं, "रुंदी बरोबर परिमिती वजा दोन लांबी, भागिले दोन." मग मनात आकडे घातले. चाळीस वजा चोवीस, सोळा, भागिले दोन. "रुंदी आठ. लिहिलंस?"

"हो ताई." चैताली जरा थांबली. "पण ताई, वर लिहिलंय त्याच्यात आकडे घातले तर आठ येत नाही. काय येतंय ते..." आणि तिनं जीभ चावली, कारण लेखनिकानं काही सुचवायचं नसतं.

सिद्धेश्वरीनं सूत्र मनात परत म्हणून बघितलं. सूत्र तर बरोबर होतं. तिनं शांतपणे विचारलं, "भागाकाराची रेघ ओढलीयस ना? ती रेघ कुठून सुरू होते?"

"दोन लांबीच्या खाली."

"परिमितीच्या खाली नाही?"

"नाही ताई. तुम्ही म्हणालात, दोन लांबी भागिले दोन."

तोंडानं बोललेल्या शब्दांत चंची नव्हती. तिनं मनात दोघांना एकत्र बांधलं होतं, पण आवाजात ते बांधणं आलंच नव्हतं. कागदावर परिमिती रेघेबाहेर उभी होती. आणि मागच्या किती उत्तरांत असं झालं असेल?

"ती रेघ मागं ने," ती म्हणाली. "परिमितीच्या खालून सुरू कर."

पर्यवेक्षिका जवळ आल्या. "काय बोलणं चाललंय?"

"बाई, मी सांगतेय, ती लिहितेय. रेघ कुठपर्यंत ओढायची ते सांगतेय."

पर्यवेक्षिकांनी क्षणभर दोघींकडं बघितलं असावं. मग चपलांचा आवाज लांब गेला.

"आता पहिल्या पानापासून चल," सिद्धेश्वरी म्हणाली. "जिथं जिथं भागिले आहे तिथं रेघ कुणाकुणाच्या खाली आहे ते मला वाच."

दोघी मागं फिरल्या. काही रेघा नीट होत्या, काही आखूड पडल्या होत्या. सिद्धेश्वरी सांगायची, चैताली ओढायची, इतक्या जोरात की कागद करकरायचा. तिची भीती कुठल्या कुठं पळाली होती. "ही पण आखूड आहे ताई," असं आता ती शोधून शोधून वाचत होती. जास्तीचा वेळ मिळाला होता तोसुद्धा पुरला नाही, शेवटचा प्रश्न हातचा गेला. घंटा झाली तेव्हा दोघी घामानं भिजल्या होत्या.

बाहेर आल्यावर चैतालीनं तिचा हात धरला. "ताई, पुढच्या पेपरला मीच येणार. दुसऱ्या कुणाला पाठवू देऊ नका."

निकालाच्या दिवशी प्रदीप सरांनी वळसंगला फोन केला तेव्हा गिरणीवर रांग लागली होती. गुरुलिंगांनी फोन ऐकला, बटण दाबून गिरणी बंद केली आणि म्हणाले, "आज दळण न्हाय. माझी पोरगी बीजगणितात पास झाली."

रांगेतला एक म्हातारा शेतकरी दळणाचा डबा घेऊन उभा होता. त्यानं आपुलकीनं विचारलं, "चांगलं झालं की. कुठल्या बियाण्याचं गणित म्हनायचं हे? तुरीचं का ज्वारीचं?"

गुरुलिंगांना स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं. "सगळ्याचंच," ते छातीठोकपणे म्हणाले. संध्याकाळी सिद्धेश्वरीला हे कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. दोन-तीन दिवस गावात जो तो बिराजदारांच्या पोरीला पेरणीचा सल्ला विचारत होता.

ती पुढं शिकली, शिक्षिकेची पदविका घेतली आणि प्रदीप सर निवृत्त झाल्यावर त्याच शाळेत गणिताला लागली. आता शाळेत बोलणारे संगणक आलेत. सूत्र टाइप केलं की यंत्र वाचून दाखवतं. पण यंत्रही कंस गिळतं, म्हणून आठवी-नववीला सिद्धेश्वरीबाई अजून व्हरांड्यातच शिकवतात. तिथं खांबाखांबाला दोऱ्या आहेत, आणि पोरं एकमेकांच्या चिमट्यांवरून भांडतात. चैताली सोलापुरातच एका औषधाच्या दुकानात काम करते. दर रविवारी ती दोरीवरच्या ब्रेलच्या तुकड्यांचे पत्ते कातरायला येते आणि बाईंपेक्षा जास्त गप्पा मारून जाते.

परवा नववीला वर्तुळाचं क्षेत्रफळ चाललं होतं. क्षेत्रफळ बरोबर पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्येला बाहेर काढायचं होतं. मायाक्का नावाच्या मुलीनं पायचा पत्ता उचलला, गाठ ओलांडली, क्षेत्रफळाच्या खालच्या दोरीवर बसवला. इकडं उरल्या एकाच चिमट्यात धरलेल्या दोन त्रिज्या.

"बाई, आता ह्यातली एकच पाहिजे. दुसरीचं काय करू?"

"तिकडच्या सगळ्याचं वर्गमूळ घ्यायचं."

"ते दोरीवर कसं घ्यायचं?"

बाईंनी दोरी चाचपली. गुणाकार, भागाकार, कंस, सगळ्याची सोय होती. वर्गमूळ त्या आजवर नुसतं तोंडानं सांगत आल्या होत्या. "खरं सांगू? ह्याला मला अजून काही सुचलेलं नाही."

व्हरांड्यात गलका उडाला. कुणी म्हणालं दोरा गुंडाळू, कुणी म्हणालं बांगडी अडकवू. रत्नदीप नावाच्या पोरानं आपली क्रिकेटची टोपी काढली. "बाई, टोपी घालू! टोपीच्या आत जे जे असेल त्याचं वर्गमूळ."

सगळ्यांना ते पटलं. क्षेत्रफळ वर, पाय खाली, दोघांवर मिळून टोपी चढवली. टोपी जड, दोरी लागली झोळीसारखी लोंबायला, पत्ते घसरत घसरत मायाक्काच्या डोक्यावर येऊन पडले.

"टोपी हलकी पाहिजे," सिद्धेश्वरीबाई पत्ते गोळा करत म्हणाल्या. "उद्या कुणाकडं कापडी असेल तर आणा रे. आणि रत्नदीप, ही डोक्यावर घाल आधी, ऊन लागतंय."